नळाच्या पाण्यातला अमोनिया: माशांची टाकी नव्याने ठेवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

टाकीत अमोनिया दिसला की पाणी बदला, हा सल्ला नवख्या माणसाला सगळ्यात आधी मिळतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. पण कधी कधी असं होतं: अमोनिया मोजायच्या किटवर ०.५ (म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम) दिसतो, तुम्ही निम्मं पाणी बदलता, पुन्हा तपासता आणि आकडा होता तिथेच. पुन्हा बदलता, पुन्हा तेच. मासे त्या उलथापालथीने बावरतात आणि तुमचा धीर सुटत जातो. अशा वेळी आणखी पाणी बदलण्याआधी नळाचं ताजं पाणी एका ग्लासात घ्या आणि तेच तपासून बघा. पुष्कळदा अमोनिया तिथूनच येत असतो.

तसं असलं तरी घाबरून जायचं कारण नाही. नळाच्या पाण्यात थोडा अमोनिया असूनही वर्षानुवर्षं निरोगी टाक्या ठेवणारी माणसं भरपूर आहेत. नीट मुरलेला, म्हणजे अमोनिया खाणारे जीवाणू पुरेसे वाढलेला फिल्टर असेल तर एवढा अमोनिया ते काही तासांत संपवतात. अडचण येते ती तीन परिस्थितींत: फिल्टर नवा असेल, पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कपणा दाखवणारा आकडा) चढा असेल किंवा एकाच वेळी खूप पाणी बदललं जात असेल. या तीन गोष्टी माहीत नसताना नुसत्या किटवरच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून आधी मोजायचं, मग थोडं गणित करायचं आणि त्यानंतरच उपायाला हात घालायचा.

हा अमोनिया येतो कुठून

पहिलं कारण म्हणजे क्लोरामाइन. पाणी निर्जंतुक करायला क्लोरीन वापरतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण लांबच लांब जलवाहिन्यांतून जाताना क्लोरीन वाटेतच खर्च होतो. शिवाय पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी त्याची क्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची नकोशी संयुगं तयार होतात. म्हणून अनेक ठिकाणी क्लोरीनच्या जोडीला मोजून अमोनियाही घालतात. दोन्ही मिळून क्लोरामाइन बनतं. ते जास्त टिकतं आणि त्यापासून ती संयुगंही कमी तयार होतात. माणसांसाठी हे ठीक आहे. माशांच्या बाबतीत मात्र क्लोरामाइन कल्ल्यांतून थेट रक्तात शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतं. त्यामुळे पाणी टाकीत जाण्याआधी ते तोडावंच लागतं. तोडलं की त्यातला क्लोरीन निकामी होतो आणि अमोनिया मोकळा होतो. क्लोरीनच्या हिशेबाने लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरामाइन असेल, तर त्यातून साधारण अर्धा मिलिग्रॅम अमोनिया बाहेर पडतो. किटवर दिसणारा तो चिवट ०.५ बऱ्याचदा हाच असतो.

दुसरं कारण भूजल. जमिनीखालच्या, हवा न पोहोचणाऱ्या थरांतल्या पाण्यात अमोनियम, म्हणजे अमोनियाचंच एक रूप, नैसर्गिकपणेच असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याच्या पाण्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नैसर्गिक पाण्यात ते सहसा लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी असतं, पण प्राणवायूविरहित भूजलात ३ मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. अशा प्रमाणात ते माणसाच्या आरोग्याला थेट घातक नसतं, म्हणूनच पिण्याच्या दृष्टीने उत्तम ठरलेलं पाणीही टाकीला जड जाऊ शकतं. पुरवठा करणाऱ्यांची त्यात काही चूक नसते. माशाचे कल्ले अष्टौप्रहर त्याच पाण्यात उघडे असतात, म्हणून त्याची गरज वेगळी.

तिसरं कारण म्हणजे खतांचा निचरा किंवा सांडपाणी मिसळणं. एरवी शून्य असलेला आकडा एकाएकी वर गेला आणि पाण्याला वास किंवा गढूळपणा असेल, तर माशांचा विचार नंतर करा. आधी ते पाणी पिणं थांबवा आणि पुरवठा करणाऱ्यांना कळवा.

पहिली पायरी: नळ नीट तपासा

थेंबांचं किट घ्या. सहा-सात गोष्टी एकदम दाखवणाऱ्या बऱ्याच कागदी पट्ट्यांमध्ये अमोनियाचा चौकोन नसतोच, त्यामुळे खरेदीपूर्वी वाचून बघा. थेंबांच्या किटमध्ये दोन पद्धती असतात. सॅलिसिलेट पद्धतीत पाणी पिवळ्याकडून हिरव्याकडे जातं. नेसलर पद्धतीत ते पिवळ्याकडून तपकिरीकडे जातं आणि त्या द्रावणात पारा असतो. मी सॅलिसिलेटचंच घ्यायला सांगेन, कारण काही वॉटर कंडिशनर (नळाचं पाणी माशांसाठी सुरक्षित करणारी द्रावणं) घातल्यावर नेसलरचा आकडा भलताच येतो.

या चाचणीत घाई आणि अस्वच्छता या दोन गोष्टी सगळा घोळ घालतात. परीक्षानळी साबणाने धुऊ नका. ज्या पाण्याची चाचणी करायची त्याच पाण्याने ती दोनदा खळबळून घ्या. बाटल्या थेंब टाकण्याआधी जोरात हलवा. सूचनेत पाच मिनिटं थांबायला सांगितलं असेल तर घड्याळ लावून पाच मिनिटं थांबा. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, कारण पिवळ्या दिव्याखाली स्वच्छ पाणीही हिरवट भासतं.

शून्य आणि ०.२५ या दोन रंगांत फरक करणं तर सरावलेल्या डोळ्यांनाही अवघड जातं. त्यावर सोपी तोड अशी: बाजूला दुसऱ्या नळीत डिस्टिल्ड वॉटर घेऊन तीच चाचणी करा आणि दोन नळ्या शेजारी धरा. रंग सारखा असेल तर तुमचं पाणीही शून्यच समजा. कित्येकांची ०.२५ ची काळजी इथेच मिटते.

आता नळाचं पाणी तीन प्रकारे तपासा.

१. नळातून आत्ता काढलेलं पाणी, काही न घालता.

२. तेच पाणी अँटी-क्लोरीन (क्लोरीन घालवणारा साधा कंडिशनर) घालून, दहा मिनिटांनी.

३. तेच पाणी बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावून २४ तास ठेवलेलं.

तिन्हींचा अमोनिया लिहून ठेवा. पहिल्या आणि तिसऱ्याचा पीएचही लिहा. पीएच दोनदा का, तर जलवाहिनीतल्या पाण्यात, विशेषतः भूजलात, कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. हवा लागली की तो निघून जातो आणि पीएच चढतो. नळाखाली ७.२ दाखवणारं पाणी दुसऱ्या दिवशी ८ दाखवू शकतं. टाकीत खरा पीएच हाच चढलेला असतो, आणि अमोनियाच्या बाबतीत तोच निर्णायक असतो.

क्लोरामाइन आहे की नुसता क्लोरीन, हे ओळखायला मोकळा क्लोरीन आणि एकूण क्लोरीन असे दोन्ही मोजणारं किट लागतं. एकूण जास्त आणि मोकळा जवळजवळ शून्य, म्हणजे क्लोरामाइन. पुरवठा करणाऱ्या यंत्रणेला विचारलं तरी बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं. हे कळणं महत्त्वाचं आहे, कारण पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन जातो हा जुना उपाय क्लोरामाइनला लागू पडत नाही. ते दिवसेंदिवस पाण्यात टिकून राहतं.

अमोनियासोबत एकदा नायट्राइटही तपासा. क्लोरामाइन असलेल्या जलवाहिन्यांतच कधी कधी जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करायला लागतात आणि ते नळातून येतं. तेही माशांना घातक आहे.

दुसरी पायरी: आकड्याचा अर्थ लावा

किट दाखवतं तो एकूण अमोनिया. पाण्यात त्याची दोन रूपं असतात: मुक्त अमोनिया आणि अमोनियम. मुक्त अमोनिया कल्ल्यांतून सहज आत शिरतो, कल्ले जाळतो आणि माशाच्या शरीरातला स्वतःचा अमोनियाही बाहेर पडू देत नाही. अमोनियम त्यामानाने खूपच निरुपद्रवी असतं. दोघांचं प्रमाण ठरवतो पीएच, आणि थोडंफार तापमान.

२५ अंश सेल्सिअसला मुक्त अमोनियाचा वाटा साधारण असा असतो:

पीएच ६.५ ला ०.२ टक्के
पीएच ७ ला ०.६ टक्के
पीएच ७.५ ला १.८ टक्के
पीएच ८ ला ५.४ टक्के
पीएच ८.५ ला १५ टक्के

पीएच एकाने चढला की वाटा जवळजवळ दसपट होतो. तापमानाचा परिणाम त्यापेक्षा सौम्य असतो: पीएच ८ लाच २० अंशांवर हा वाटा ३.८ टक्के असतो, तर ३० अंशांवर ७.५ टक्के.

मुक्त अमोनिया लिटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या खाली ठेवावा, असा मासे पाळणाऱ्यांत सर्वसाधारण दंडक आहे. ०.०५ च्या वर गेल्यास कल्ल्यांना इजा व्हायला लागते. आता तोच ०.५ आकडा पुन्हा बघा. पीएच ७ ला त्यातला मुक्त अमोनिया ०.००३, म्हणजे काळजीचं कारण नाही. पीएच ८ ला ०.०२७, म्हणजे रेषेच्या थोडा वर. पीएच ८.५ ला ०.०७६, म्हणजे थेट धोका. एकाच नळाचं पाणी वापरणाऱ्या दोघांपैकी एकाचे मासे मजेत आणि दुसऱ्याचे धापा टाकतात, ते यामुळे.

हे वाचून पीएच खाली आणायची बाटली विकत घ्यावीशी वाटेल. घेऊ नका. कठीण पाण्यात आम्ल घातलं तर पीएच तात्पुरता खाली येतो आणि पुन्हा चढतो. मृदू पाण्यात तो एकदम कोसळतो. माशांना स्थिर पीएच ८ सोसतो, रोज वरखाली होणारा पीएच सोसत नाही.

तिसरी पायरी: टाकीत नेमका किती पोहोचणार

नळातला आकडा जसाच्या तसा टाकीत येत नाही. तो उरलेल्या पाण्यात मिसळून पातळ होतो. १०० लिटरच्या टाकीत अमोनिया शून्य आहे, तुम्ही २५ लिटर पाणी बदललं आणि नळात ०.५ आहे, तर टाकीत होतो ०.१२५. पीएच ८ असला तरी त्यातला मुक्त अमोनिया ०.००७ च्या आसपास राहतो. मुरलेल्या फिल्टरला एवढं काहीच नाही. पण नळात १ असेल आणि तुम्ही निम्मं पाणी बदललं, तर टाकीत एकदम ०.५ होतो, आणि पीएच ८ ला ते रेषेबाहेर जातं.

या गणितातून सगळ्यात साधा, फुकटचा उपाय आपोआप निघतो: एकदम खूप पाणी बदलण्याऐवजी थोडं थोडं बदला. आठवड्यातून एकदा ५० टक्के बदलत असाल तर त्याऐवजी तीन-चार वेळा १० ते १५ टक्के बदला. प्रत्येक वेळी येणारा अमोनिया फिल्टर पुढच्या वेळेपर्यंत खाऊन टाकतो. पाणी बदलाल त्या दिवशी खाणं हात राखून घाला, म्हणजे त्याच दिवशी विष्ठेचा अमोनिया त्यात भर घालणार नाही.

फिल्टर मुरलाय की नाही, हे कसं कळणार? पाणी बदलल्यावर तासाभराने टाकीतला अमोनिया मोजा आणि २४ तासांनी पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असतील तर फिल्टर कामाला पुरेसा आहे. मग नळातल्या ०.५ साठी पाणी बदलताना योग्य कंडिशनर वापरण्यापलीकडे काही करायची गरज नाही. खरं तर बहुसंख्य लोकांचा प्रश्न इथेच संपतो.

चौथी पायरी: गरज असेल तर उपाय

*कंडिशनर.* साध्या अँटी-क्लोरीनमध्ये सोडियम थायोसल्फेट असतं. ते क्लोरीन संपवतं, क्लोरामाइनही तोडतं, पण सुटलेल्या अमोनियाला हात लावत नाही. क्लोरामाइन असेल तर लेबलवर क्लोरामाइन आणि अमोनिया दोन्हींचा स्पष्ट उल्लेख असलेला कंडिशनर घ्या. त्यात अमोनियाला बांधून ठेवणारं रसायन असतं. मात्रा लेबलप्रमाणेच घ्या. क्लोरामाइनसाठीची मात्रा पुष्कळदा क्लोरीनसाठीच्या मात्रेपेक्षा जास्त दिलेली असते, आणि तो बारीक अक्षरांतला मजकूर लोक वाचतच नाहीत. बादलीत घालून मिसळत असाल तर मात्रा बादलीतल्या पाण्याची धरा. नळाचं पाणी थेट टाकीत सोडत असाल तर कंडिशनर आधी घाला आणि मात्रा पूर्ण टाकीची धरा. जास्तीची मात्रा पाण्यातला प्राणवायू खाते, त्यामुळे एअर पंप चालू असू द्या.

इथे एक गोष्ट नव्यांना हमखास चकवते. बांधलेला अमोनिया सॅलिसिलेट किटवर तसाच दिसत राहतो, कारण किट एकूण अमोनिया मोजतं. आकडा उतरला नाही म्हणून आणखी कंडिशनर ओतत बसू नका. ही बांधणीही कायमची नसते. कंडिशनर फिल्टरला फक्त वेळ मिळवून देतो, अमोनिया संपवायचं काम शेवटी जीवाणूच करतात. टाकीत फिल्टरच मुरलेला नसेल तर नुसत्या कंडिशनरवर विसंबून मासे ठेवू नका.

*पिंप आणि स्पंज फिल्टर.* नळात १ किंवा त्याहून जास्त अमोनिया असेल, किंवा पीएच ८ च्या वर असेल, तर माझी पहिली पसंती या उपायाला आहे. पाणी टाकीत घालण्याआधीच बाहेर एका पिंपात त्यातला अमोनिया जीवाणूंकडून संपवून घ्यायचा. कल्पना साधी आहे आणि एकदा घडी बसली की त्यात रोजची कटकट नाही.

हे असं करा. हवेवर चालणारा एक जादा स्पंज फिल्टर टाकीत लावा आणि चार ते सहा आठवडे तिथेच चालू द्या, म्हणजे त्यावर जीवाणू वाढतील. त्यासाठी टाकीचा मुख्य फिल्टर काढायचा नाही, हा त्याच्या जोडीला आहे. तोवर खाद्यपदार्थ साठवायच्या दर्जाचं, साबण-फिनाइल कधीही न लागलेलं प्लास्टिकचं पिंप बघून ठेवा. पाणी बदलण्याच्या आदल्या दिवशी पिंपात नळाचं पाणी भरा आणि अँटी-क्लोरीन घालून नीट ढवळा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. हा क्रम चुकवू नका, कारण क्लोरामाइन शिल्लक असताना स्पंज आत टाकला तर त्यावरचे जीवाणूच मरतील. मग टाकीतला मुरलेला स्पंज पिंपात हलवा, एअर पंप सुरू करा आणि तोंडावर जाळी किंवा कापड बांधा. पिंपातलं पाणी टाकीच्या तापमानाच्या आसपास असावं, कारण थंड पाण्यात जीवाणू मंदावतात.

२४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्ही शून्य असतील तर पाणी वापरा, नसतील तर आणखी एक दिवस थांबा. काम झालं की स्पंज लगेच टाकीत परत ठेवा. जीवाणूंना रोजचं खाणं माशांच्या विष्ठेतून मिळतं, रिकाम्या पिंपात आठवडाभर पडून राहिले तर ते उपाशी राहतात. ०.५ अमोनियाचं शेवटी साधारण १.८ मिलिग्रॅम नायट्रेट होतं, ते टाकीला किरकोळ आहे. एक पथ्य मात्र पाळा: एका टाकीत रोग असेल तर तिथला स्पंज दुसऱ्या टाकीच्या पिंपात घालू नका.

*झिओलाइट.* क्लिनोप्टिलोलाइट जातीचा झिओलाइट पाण्यातलं अमोनियम शोषून घेतो. फिल्टर अजून नवा आहे आणि नळात अमोनिया आहे, अशा मधल्या काळात तो उपयोगी पडतो. वापरण्याआधी भुकटी निघून जाईपर्यंत धुवा. कापडी पिशवीत घालून पाण्याच्या प्रवाहात ठेवा, नुसता बादलीच्या तळाशी टाकलात तर काम फार हळू होईल. तो भरला की थांबतो, म्हणून मोजत राहा. मिठाच्या तीव्र द्रावणात भिजवून, स्वच्छ धुऊन तो पुन्हा वापरता येतो. ज्या कारणाने मीठ त्याला मोकळं करतं त्याच कारणाने झिओलाइट असलेल्या टाकीत मीठ घालायचं नाही: धरून ठेवलेलं अमोनियम सगळं पाण्यात परत येतं. समुद्री टाकीत त्याचा उपयोग नाही, तोही याचमुळे.

वनस्पतींचा आधार मोठा आहे. बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात. हॉर्नवर्ट, डकवीड यांसारख्या भराभर वाढणाऱ्या वनस्पती किंवा मुळं पाण्यात सोडलेला मनीप्लांट चांगलं काम करतात. पण सुरुवातीपासून भरपूर हव्यात. दोन काड्यांनी काही होत नाही.

आरओच्या पाण्यात अमोनियम बरंच कमी होतं, पण पीएच चढा असेल तर मुक्त अमोनिया वायू पडद्यातून पार होतो. साधा कार्बन फिल्टर क्लोरीन छान काढतो, क्लोरामाइनला मात्र वेळ घेतो आणि तोडल्यावर अमोनिया मागे ठेवतो. आरओचं पाणी एकट्याने वापरायचं तर त्यात क्षार पुन्हा घालावे लागतात. ते टाळायचं असेल तर नळाच्या पाण्यात निम्मं मिसळा. केवळ अमोनियासाठी आरओ बसवावा असं मला वाटत नाही.

नवी टाकी असेल तर

मासे अजून आणलेले नसतील तर नळातला अमोनिया तुमच्या उपयोगाचाच आहे. बिनमाशांची टाकी मुरवताना जीवाणूंना अमोनियाच द्यावा लागतो. क्लोरामाइन तोडा, फिल्टर चालू ठेवा आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर येईपर्यंत थांबा. याला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. एखाद्या निरोगी टाकीतला वापरातला स्पंज मिळाला तर हा काळ पुष्कळ कमी होतो.

मासे आधीच आणून झाले असतील तर रोज मोजा, अगदी कमी खायला घाला आणि कंडिशनर व झिओलाइट यांच्या आधाराने तेवढे आठवडे काढा. झिओलाइट जीवाणूंचं खाणं पळवतो म्हणून फिल्टर मुरायला थोडा जास्त वेळ लागेल. मासे जगणं जास्त महत्त्वाचं.

जुन्या, दुर्लक्षित टाकीबद्दल एक इशारा

महिनोन्महिने पाणी न बदललेल्या टाकीत पीएच सावरून धरणारे क्षार संपत जातात, पीएच ६ च्या आसपास घसरतो, जीवाणू मंदावतात आणि अमोनियम साचत जातं. पीएच कमी असल्याने मासे तग धरून असतात. मग कोणीतरी मनापासून टाकी स्वच्छ करायला घेतं, निम्मं पाणी बदलतं आणि संध्याकाळपर्यंत मासे मरतात. दोष सफाईवर येतो किंवा नळावर येतो.

आत काय घडलं ते आकड्यांत बघा. पीएच ६.२ ला एकूण अमोनिया ४ असेल तर त्यातला मुक्त अमोनिया ०.००४ पेक्षाही कमी असतो. नळाचं पीएच ८ चं पाणी निम्मं घातल्यावर एकूण अमोनिया २ वर येतो, पण टाकीतले क्षार संपलेले असल्याने पीएच ७.८ पर्यंत उडी मारू शकतो. तिथे मुक्त अमोनिया ०.०७ होतो. एकूण निम्मा झाला, विष मात्र जवळजवळ वीसपट वाढलं. नळात स्वतःचा अमोनिया असेल तर त्यात आणखी भर.

अशी टाकी हाती आली तर आधी टाकीचा आणि नळाचा पीएच दोन्ही मोजा. फरक मोठा असेल तर अमोनिया बांधणारा कंडिशनर पूर्ण टाकीच्या मात्रेने घालून मग रोज ५ ते १० टक्के पाणी बदला. दोन आठवडे गेले तरी चालेल.

मासे धापा टाकत असतील तर

पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करणं, कल्ले लालभडक किंवा काळपट दिसणं, पर अंगाशी मिटून घेणं, तळाशी पडून राहणं, खाणं सोडणं, ही लक्षणं अमोनियाची असू शकतात. क्लोरामाइन, नायट्राइट आणि प्राणवायूची कमतरताही अशीच दिसते, म्हणून अंदाजावर न जाता मोजा.

मोजेपर्यंत एअर पंप पूर्ण जोरात लावा आणि खाणं बंद करा. दोन-तीन दिवस उपाशी राहून मोठे मासे काही मरत नाहीत. पाणी नुकतंच बदललेलं असेल आणि कंडिशनर घातला की नाही याची खात्री नसेल, तर लगेच पूर्ण टाकीची मात्रा घाला. मग टाकीचा आणि नळाचा अमोनिया शेजारी ठेवून बघा. नळात टाकीपेक्षा कमी असेल तर पाणी बदलण्याने फायदाच होतो, नळात अमोनिया असला तरीही: टाकीत २ आणि नळात ०.५ असताना निम्मं बदललं तर १.२५ होतो. नळात टाकीइतका किंवा जास्त असेल तर पाणी बदलू नका. कंडिशनर, झिओलाइट आणि कोणाच्या तरी निरोगी टाकीतला मुरलेला स्पंज, हे तीन एकत्र वापरा.

पुढची देखभाल

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळा, तोही आलटून पालटून, सगळे एकाच दिवशी नाही. इतकी मेहनत घेऊन वाढवलेले जीवाणू नळातलं क्लोरामाइन काही मिनिटांत मारू शकतं.

पाण्याच्या क्षारतेकडेही, म्हणजे पीएच सावरून धरण्याच्या ताकदीकडेही लक्ष ठेवा. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (अमोनियातला नुसता नायट्रोजन) संपवताना जीवाणू साधारण ७ मिलिग्रॅम क्षारता खर्च करतात. नळाचं पाणी मृदू असेल आणि त्यात अमोनियाही असेल, तर पीएच हळूहळू घसरत जातो आणि वर सांगितलेल्या जुन्या टाकीसारखी अवस्था येते. केएच, म्हणजे हीच क्षारता, मोजायचं छोटं किट यासाठी जवळ असावं.

नळ महिन्यातून एकदा तपासा. मुसळधार पाऊस झाला, पाण्याचा वास बदलला, पुरवठा बंद राहून पुन्हा सुरू झाला किंवा पाण्याचा स्रोत बदलल्याचं कळलं, तर त्या दिवशीच तपासा. अशा वेळी क्लोरीनची मात्रा वाढवली जाते, आणि काही यंत्रणा वर्षातला काही काळ क्लोरामाइनऐवजी नुसता क्लोरीनही वापरतात. टाकीजवळ एक वही ठेवा: तारीख, नळाचा अमोनिया, टाकीचा अमोनिया, पीएच, किती पाणी बदललं. किटच्या बाटल्यांवरची मुदत संपण्याची तारीखही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण मुदत संपलेलं किट खोटं शून्यही दाखवू शकतं.